मदत हवी आहे: डाउनलोड गेमला किती पैसे मोजणं योग्य?

मंडळी, मी देवगडचा. मुलाला कन्सोलवरचा नवा गेम हवाय. डाउनलोडचे ४,९९९ रुपये, डिस्कचेही तेवढेच! ऑनलाइन स्टोअर साधारण ३० टक्के कापून घेतं, हे कळतं. पण डबी नाही, वाहतूक नाही, तरी भाव तोच कसा? डिस्क खेळून झाली की कणकवलीत कुणाला तरी विकता येते. डाउनलोडचा मिळतो नुसता परवाना, तो विकता येत नाही. त्यात पावसात लाइट गेली की डाउनलोड ६२ टक्क्यांवर अडकून बसतं, पोर रात्रभर राउटरच्या दिव्याकडे बघत राहतं. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो, पण आमच्याकडे पीसी नाही. डिस्क घेऊ, की सेलपर्यंत थांबू? नवा गेम निम्म्यावर यायला साधारण किती महिने लागतात? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा, वाढदिवस गणपतीच्या आधी आहे.