स्प्रिंट तीन आठवड्यांचा केला तर लोंबकळणारं काम संपेल का?

पऱ्हाटी_कोडर (दारव्हा):
कापसाच्या जिनिंगच्या काटापावतीचं सॉफ्टवेअर आहे. चार डेव्हलपर, एक टेस्टर, मागण्या आणणारा एक जण. स्प्रिंट, म्हणजे ठरलेलं काम संपवायची फेरी, दोन आठवड्यांचा. शेवटच्या दोन दिवसांत सगळं टेस्टिंगला जातं अन् निम्म्या स्टोऱ्या (एकेका मागणीचं काम) पुढच्या स्प्रिंटात ढकलाव्या लागतात. स्टँडअप (रोजची छोटी बैठक) पाऊण तास चालतो. सीझनमध्ये जिनिंगवाले थेट डेव्हलपरला फोन लावतात. स्प्रिंट वाढवावा का जी?

काटेकोर:
वाढवू नका, ढीगच वाढेल. कामाच्या बोर्डावर (एका कामाचं एक कार्ड, टप्प्याटप्प्याचे रकाने) 'चालू' कार्डं किती ते मोजा. एका कार्डाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कार्डं भागिले रोज संपणारी कार्डं. रोज एक संपत असेल अन् दहा चालू असतील तर दहा दिवस. पाचच ठेवली तर पाच. म्हणून डेव्हलपमेंटच्या रकान्यावर ३ अन् टेस्टिंगवर २ अशी मर्यादा टाका. टेस्टिंगचा रकाना भरला की डेव्हलपरनं नवं कार्ड उचलायचं नाही, टेस्टरजवळ बसून तपासायला लागायचं. सुरुवातीला माणसं रिकामी दिसतात, मालक कुरकुरतो. तरी मर्यादा हलवू नका.

दुसरं म्हणजे स्टोरी तोडायची पद्धत. स्क्रीन, डेटाबेस, छपाई असे तुकडे केले तर तिन्ही होईस्तोवर टेस्टरच्या हाती काहीच येत नाही. आधी फक्त भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन अन् साधी पावती. मग ओलाव्याची कपात. पावती रद्द करणं त्यानंतर. प्रत्येक तुकडा तपासणीसकट दोन-तीन दिवसांत संपावा. अटी आकड्यांत लिहा: सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) हमीभाव खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ ला कपात, १२ च्या वर खरेदी नाही. मग ८.०, ८.१, १२.० अन् १२.१ या टेस्ट कोडच्या आधीच लिहून होतात.

वर्धाकाठ:
फोनसाठी आठवड्याला एक डेव्हलपर पाळीनं ठेवा. फोन त्यालाच, अन् त्याला स्प्रिंटचं काम कमी द्या. बोर्डावर 'तातडी'ची वेगळी ओळ करा, त्यात एका वेळी एकच कार्ड. पावती निघत नाही किंवा रक्कम चुकते, ती तातडी. रिपोर्टचा रंग बदलणं नाही. अन् नवी आवृत्ती सकाळी गाड्यांची रांग लागली असताना टाकू नका बाप्पा, काटा बंद झाल्यावर टाका.

काटेकोरांची मर्यादा मला मान्य आहे, पण ऐन सीझनमध्ये स्प्रिंटच कशाला हवा? तेवढे महिने सरळ कॅनबान चालवा, म्हणजे फेऱ्या नाहीत, मर्यादेच्या बोर्डावर एक कार्ड संपलं की पुढचं उचलायचं.

टेस्टवाली_ताई:
स्टँडअपला स्क्रम गाइडमध्ये (स्प्रिंटनं काम करायच्या पद्धतीचं नियमपुस्तक) १५ मिनिटं आहेत. 'काल काय केलं, आज काय करणार' हे प्रश्न २०२० च्या आवृत्तीतून काढलेच आहेत. माणसागणिक फिरू नका, बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा: संपायला आलेलं कार्ड आधी, ते कशानं अडलं तेवढंच. तोडगा काढायचा असेल तर दोघांनी नंतर बसावं.

पऱ्हाटी_कोडर:
टेस्टर एकच आहे. तो सुटीवर गेला तरी २ चीच मर्यादा?

काटेकोर:
हो. डेव्हलपरांनी तपासायचं, फक्त स्वतःचं कार्ड स्वतः नाही.