तुमचा प्रबंध एका वाक्यात सांगा (अनुभव धागा)

गोदाकाठची
दसऱ्यासाठी माळा आवरायला काढला आणि काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा माझा प्रबंध सापडला. २१२ पानं. कडा उंदरांनी कुरतडल्यात, म्हणजे परीक्षकांनंतरचे पहिलेच वाचक. विषय द्राक्षावरचा केवडा (आपली डाऊनी हो) आणि हवामान. साडेचार वर्षं निफाडच्या बागांत रोज सकाळी पानं उलटी करून पाहिली. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी, मोजा आणि लिहा.

तोंडी परीक्षा झाली त्या रात्री सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, निघालं काय त्यातनं?" त्यांची स्वतःची चार एकर थॉमसन द्राक्षं. मी दहा मिनिटं बोलले. ते म्हणाले, "म्हंजे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी येती. मला इचारलं असतं तर चहा उकळेस्तोवर सांगितलं असतं."

आजवर ते वाक्य मला खोडता आलेलं नाही. आता तुमचं सांगा. शेजारच्या काकूंना कळलं पाहिजे, एवढीच अट.

कांदेपोहे
लासलगाव साइड. "कांदा चाळीत सडतो. खालून हवा खेळली तर कमी सडतो." तीन वर्षं गेली यात.
कांदा चिरताना रडू आणणारं एन्झाइम जपान्यांनी २००२ मध्ये शोधलं, २०१३ ला इग नोबेल (हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) पण मिळालं त्यांना. आमच्याकडे भाव पडला की न चिरताच पाणी येतं.

लेण्यातला
शिलालेख. नाशिकची पांडवलेणी, लेणं क्र. ३: "आईनं मुलाचं कौतुक केलं, कुणी पुसू नये म्हणून दगडात." गौतमी बलश्री, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं म्हणते. नातवाचं राज्य आलं तरी कौतुक संपलं नव्हतं.
लेणं क्र. १०: "जावयानं एफडी केली." क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात. विणकरांच्या श्रेणींकडे (म्हणजे संघांकडे) ३००० कार्षापण, तेव्हाची नाणी, ठेवले. २००० महिना १ टक्क्यानं, १००० पाऊण टक्क्यानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्खूंचा खर्च. त्यात कपडे मुख्य. माझ्या पीएचडीच्या गाइडनी 'एफडी' शब्द सहा ठिकाणी लाल पेनानं खोडला. मी सातव्या ठिकाणी ठेवला, तो राहिला.

चूलबोळकी
महिना १ टक्का??? पत्ता द्या त्या श्रेणीचा, आमची पतपेढी वर्षाला सात देताना तोंड वाकडं करते

नुसताच वाचक
पीएचडी नाही, पण डाऊनीवरून आठवलं. फ्रान्समध्ये बोर्डोकडे येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना मारायचे. मिलार्दे या वनस्पतीशास्त्रज्ञानं पाहिलं, त्याच वेलींची पानं टिकलीत. १८८५ ला छापलं, झालं बोर्डो मिश्रण. सार: "चोरांसाठी मारलं, बुरशीला लागलं."

गोदाकाठची
अहो हे माझ्या प्रस्तावनेत होतं! सासऱ्यांनी तेवढंच पान पूर्ण वाचलं. वर म्हणाले, चोरांचं नाव नाही का कुठं, आभार मानायला?

अर्धवट
माझं पूर्णच नाही झालं. नर्सिंग, बाळंतपणानंतरची आईची झोप. ४० बायकांच्या मुलाखती झाल्या आणि मलाच जुळं झालं. सार: "होत नाही." पेनड्राइव्ह अजून डाळीच्या डब्यामागे आहे, फेकवत नाही. कुकर झाला, येते

कांदेपोहे
ताई, तुमच्यापुढे आमचा कांदा काहीच नाही. ४० + १ धरा की.

लेण्यातला
२००२ चं गणिताचं इग नोबेल केरळच्या दोघांना होतं. हत्तीच्या कातडीचं क्षेत्रफळ. "हत्ती मोठा असतो, किती ते अख्खा न मोजता काढता येतं."

चूलबोळकी
हत्ती राहू द्या. गोदाकाठची, सासऱ्यांकडे बेदाणे मिळतील का? एक किलो. कॉलेज रोडपर्यंत आणलेत तरी चालेल

गोदाकाठची
बेदाणे तिकडे तासगावला गं. आमच्याकडे खायची द्राक्षं, फेब्रुवारीत. छाटणी परवाच झालीय आणि आत्ता बाहेर आभाळ आलंय.