हळदीनं कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणायलेत, मायला कॅप्सूल द्यावी का?

वसमतचा_हळदवाला
राम राम मंडळी. मायला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. सध्या संभाजीनगरला रेडिएशन चालू आहे आणि आठवड्यातून एकदा केमो, सिस्प्लॅटिन म्हणून औषध आहे. आता मामानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की लॅबमध्ये हळदीनं कॅन्सरच्या पेशी दोन दिवसात मेल्या, आणि नुसतं पाठवून थांबले नाहीत तर कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतून काढलेल्या घटकाच्या, कॅप्सूलचे दोन डबे घेऊन दारात हजर. मी स्वतः तीन एकर सेलम जातीची हळद लावतो, शिजवण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं करतो, मलाच हळदीबद्दल वाईट बोलायचं नाही, पण मायला द्यायची म्हणलं की हात थांबायला. हे खोटं आहे का? आणि खरं असंल तर डॉक्टर काहून देत नाहीत?

मोंढ्यातला_मी
खरं असतं तर आपल्या मोंढ्यात हळकुंड सोन्याच्या भावानं गेलं असतं की भाऊ. शिजवायच्या दिवसात आपण दिवसभर हळदीच्या वाफंतच उभे असतो. चेष्टा सोडा, माय लवकर बरी होवो.

पेट्रीडिश_परभणी
दादा, मी मूळची परभणीची, पुण्यात एका लॅबमध्ये पीएचडी करते. मामांची पोस्ट खोटी नाही, अर्धी आहे. डिशमध्ये, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवायच्या चपट्या बशीत, कर्क्युमिननं पेशी मरतात, मी स्वतः मारल्यात. पण डिशमधल्या पेशी कशानं मरत नाहीत ते सांगा! एकदा माझ्याकडून इनक्युबेटरच्या ट्रेमध्ये पाणी घालायचं राहून गेलं, सुट्टीनंतर येऊन बघते तर सगळं वाळून मेलेलं. म्हणून काय मी कुणाला पाणी पिऊ नका, कॅन्सर जाईल असं सांगत नाही.

डिशमध्ये औषध थेट पेशीवर पडतं, मधी पोट नाही, आतडं नाही, लिव्हर नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात जेमतेम उतरतं आणि उतरलेलं लिव्हर लगेच बदलून टाकतं. माणसांना रोज 8 ग्रॅम देऊन बघितलंय, तरी रक्तात सापडलं ते डिशमध्ये टाकतो त्यापेक्षा फार कमी. आता हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरा, म्हणजे 8 ग्रॅमसाठी पाव किलोच्या वर पूड, रोज. आणि हळद आम्हाला फसवते पण. किती पेशी जिवंत आहेत ते बऱ्याचदा आम्ही रंगावरून किंवा चमकेवरून मशीनवर मोजतो, आणि ही बया स्वतःच रंगीत अन् चमकणारी, त्यामुळं आकडे कितपत खरे हीच शंका. 2017 मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तोवर कर्क्युमिनच्या माणसांवर 120 च्या वर ट्रायल झालेल्या, पण कुणाला खरं औषध आणि कुणाला साधी गोळी हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही अशा पक्क्या ट्रायलमध्ये एकही यश नाही.

आता मायच्या औषधाचं ऐका. सिस्प्लॅटिन पण लॅबमध्येच सापडलं, ते पण चुकून. 1965 मध्ये अमेरिकेत मिशिगनला रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ विजेचा बॅक्टेरियावर काय परिणाम होतो ते बघत होते, तर बॅक्टेरियाची वाढ चालू पण विभागणीच बंद, नुसते लांबच लांब धागे. करामत विजेची नव्हती, तारा प्लॅटिनमच्या होत्या आणि त्यातलं थोडं द्रावणात उतरत होतं. ते डीएनएला चिकटतं, पेशीला पुढं दोन होता येत नाही. मग उंदरातल्या गाठींवर, मग माणसांवर. त्यात किडनी खराब व्हायली हे कळलं, म्हणून तुमच्या मायला केमोआधी सलाईन चढवतात बघा, ते त्यातूनच आलंय. मंजुरी मिळाली 1978 ला. 13 वर्षं लागली दादा, हळद अजून त्या वाटेवर ट्रायलच्या पुढं सरकलीच नाही.

मोंढ्यातला_मी
म्हणजे झाडपाल्याचं सगळं बोगस?

पेट्रीडिश_परभणी
असं कुठं म्हणलं मी? तुमच्या अंगणातली सदाफुली. 1950 च्या दशकात कॅनडात काही जण ती डायबिटीससाठी तपासत होते, साखर काही कमी झाली नाही पण जनावरांच्या पांढऱ्या पेशी धडाधड घटल्या. त्यातून विनब्लास्टिन निघालं, मग त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन, जे लहान पोरांच्या ब्लड कॅन्सरमध्ये आजही देतात. पण पानं चावून खाऊ नका कुणी, ती विषारी असतात.

आणि दादा, डब्यावर पायपरीन लिहिलंय का बघा. कर्क्युमिन रक्तात जास्त उतरावं म्हणून मिऱ्याचा हा अर्क टाकतात. तो लिव्हरचं औषधं मोडायचं काम मंद करतो, म्हणजे बाकीच्या गोळ्यांचं गणित पण हलतं. अशा कॅप्सूलनं लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस पण आहेत. केमोत मी तरी हा खेळ खेळणार नाही.

धाराशिवची_लेक
लॅबचं चाललंय तर आपल्याकडचं सांगते. मायला झालाय तो गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो, हे जर्मनीत हाराल्ड झुर हाउसेन यांनी दाखवलं, 2008 ला नोबेल मिळालं त्यांना. पण त्या विषाणूची तपासणी करून जीव वाचतो का, हे कुठं बघितलं? आपल्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाचं उस्मानाबाद. 1999 पासून, टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. आमच्या गावात पण गाडी आली होती, चुलती लाजून दोनदा घरी पळून आलेली, तिसऱ्यांदा आजीनं हाताला धरून नेली. 2009 ला निकाल छापून आला, एचपीव्ही तपासणीच्या गटात या कॅन्सरनं 34 मृत्यू, तपासणी न केलेल्या गटात 64. त्या बिनतपासणीच्या गटावरून नंतर वाद झाला आणि तो व्हायलाच पाहिजे होता, त्या 64 पण कुणाच्या तरी आयाच होत्या.

दादा, घरात तिशीच्या पुढच्या बायका असतील तर मायच्या नादात त्यांची तपासणी राहू देऊ नका.

वसमतचा_हळदवाला
सगळ्यांचे आभार. डबा बघितला, पायपरीन आहे. पुढच्या केमोला डॉक्टरला दाखवला, त्यांनी दोन्ही डबे ठेवूनच घेतले. माय विचारायली वरणात हळद टाकायची का नाही, डॉक्टर हसून म्हणले टाका की, वसमतचे ना तुम्ही. मामा जरा रुसलेत. बायकोची तपासणी पुढच्या खेपंला मायसोबतच करून घेतो, बहिणीला पण फोन केलाय, ती नको म्हणायली, बघू.