खंजिरीच्या कड्याचं जिग (तुकडे कापायचा साचा), 12वा तुकडा जुळतच नाही, मदत हवी आहे

रामराम मंडळी, वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यावरून लिहितोय. गावच्या भजन मंडळासाठी खंजिऱ्या बनवायला घेतल्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीशिवाय रंगत नाहीत अन् ऑक्टोबरात पुण्यतिथीला मोझरीला जायचं तं चार तरी पाहिजेत. लेथ नाही, म्हणून सागवानाचे 12 तुकडे चिकटवून 250 मिमीचं कडं करतोय. हिशोबाने 360 भागिले 24, म्हणजे दर टोकाला 15 अंशाचा काप. प्लायवर तिरपी पट्टी ठोकली, खाली कटर टेबलाच्या खाचेत सरकणारी पट्टी, अन् तुकडे सारखे निघावे म्हणून 67 मिमीवर एक ठोकळा. झालं जिग.

11 सांधे असे घट्ट की कागद जात नाही, पण शेवटी बाहेरून 8 अन् आतून 7 मिमी फट राहते. एका कड्यात भुसा-फेव्हिकॉल भरून दामटलं, तं बकरीचं कातडं सुकून ताणल्याबरोबर तिथूनच तडकलं. कोन पोराच्या कंपासपेटीतून घेतला होता, त्यातच घोळ आहे का पात हलतंय?

प्रतिसाद:
भाऊ, पाताला कायले दोष देता, कोन कमी पडतोय. 125 त्रिज्येवर 8 मिमी म्हणजे पावणेचार अंशाच्या आसपास, 24 कापांत वाटले तर कापामागे जेमतेम 0.15. कंपासपेटीत तेवढं दिसणार कसं? गुण्याने (सुताराच्या काटकोनाने) काढा. 600 मिमी सरळ रेघ, टोकाला काटकोनात 161, तिरपी जोडली की 15 अंश. अन् शेवटचा सांधा एकदम चिकटवूच नका, सहा-सहाचे दोन अर्धे करा, सुकले की सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही टोकं एकदमच घासा, उरलासुरला फरक तिथंच निघून जाते. ठोकळ्यापाशी भुसा साचू देऊ नका, खालचा कोपरा तासून टाका, नाहीतर तुकडा आखूड निघतो.

धागाकर्ता:
जमलं भाऊ! काल लाइट रात्री दहाला आली तेव्हा कापले, आज अर्धे घासून सायकलच्या ट्यूबने आवळून ठेवलेत, फट शोधून सापडत नाही. आता झांजांच्या खाचा पाडायच्या, त्या सांध्यावर येऊ द्यायच्या नाहीत ना? पाच जोड्या बसवतोय, तुकडे 12, मेळ कसा घालू?