आरस्पॅमडी बसवूनही स्पॅम आत येतंय आणि कामाची मेल जंकमध्ये जातेय

विचारणा: ओसरीवरचा_सर्व्हर

ऑफिसचा मेल सर्व्हर आहे. डेबियन १२, पोस्टफिक्स (मेल घेणं-पाठवणं), डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणं), ६० मेलबॉक्स, ४ जीबी रॅम. आरस्पॅमडी (मेलला गुण देऊन स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम) आणि त्याचा डेटा साठवणारं रेडिस बसवून तीन आठवडे झाले. पोस्टफिक्सला मिल्टर (मेल तपासायला आरस्पॅमडीकडे देणारी जोडणी) ११३३२ पोर्टवर जोडलाय आणि लॉगमध्ये प्रत्येक मेलला गुण पडताना दिसतात, म्हणजे जोडणी चालू आहे. तक्रारी तीन:

१. उघडउघड स्पॅमला २-३ गुण पडतात आणि ते थेट इनबॉक्समध्ये. स्पॅमहाउसची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) यादी लागतच नाहीये असं वाटतं.
२. पुरवठादारांच्या मराठी मेल जंकमध्ये जातात.
३. ओटीपीची मेल ८-१० मिनिटं उशिरा येते, तोवर ओटीपी मेलेला असतो.

रिझॉल्व्हर (डीएनएसचे प्रश्न सोडवणारा सर्व्हर) गूगलचा ८.८.८.८ आहे. आधीच्या सेटअपमधलं पोस्टग्रे (अनोळखी पाठवणाऱ्याला 'थोड्या वेळाने या' सांगणारं) तसंच ठेवलंय. जंकची मर्यादा ६ वरून ४ करावी का?

लॉगवाचक

मर्यादेला हात लावू नका. ६ ची ४ केलीत तर दुसरी तक्रार दुप्पट होईल आणि पहिली जागेवरच राहील.

पहिल्या तक्रारीचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: ८.८.८.८. सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस फुकटात उत्तर देत नाही. त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा कोड परत येतो, त्याचा अर्थ 'तुम्ही उघड्या रिझॉल्व्हरमधून विचारताय'. आरस्पॅमडीला तो कोड कळतो, म्हणून तो ० गुणांचं चिन्ह लावून गप्प बसतो. लॉगमध्ये 'ब्लॉक्ड ओपनरिझॉल्व्हर' शोधा, रांगेनं सापडतील.

त्याच मशीनवर अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) बसवा आणि रिझॉल्व्हर १२७.०.०.१ करा. अनबाउंडमध्ये फॉरवर्ड झोन (प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे ढकलणारी नोंद) लिहू नका. लिहिलात तर प्रश्न पुन्हा गूगलमार्गेच जाणार आणि गाडी जिथल्या तिथे. होस्टिंगवाल्याचा रिझॉल्व्हरही नको. तिथे शेकडो गिऱ्हाइकांचे प्रश्न एकाच आयपीवरून जातात, मर्यादा ओलांडली की १२७.२५५.२५५.२५५ असं उत्तर येतं.

तपासायला २.०.०.१२७ च्या पुढे झेनचं (स्पॅमहाउसच्या एकत्रित यादीचं) झोननाव जोडून डिग (डीएनएसला प्रश्न विचारणारी आज्ञा) करा. १२७.०.०.२, १२७.०.०.४ आणि १२७.०.०.१० असं काही परत आलं तर यादी लागली. रिकामं किंवा २५५ वालं उत्तर आलं तर अजून नाही.

चाळणीवाला

वरच्याला जोडून एक धोका. पुष्कळ जण झेनची यादी पोस्टफिक्सच्या रिसिपियंट निर्बंधांतही थेट टाकतात. टाकायची असेल तर झोननावापुढे बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढेच कोड धरा. कोड न देता लिहिलं तर पोस्टफिक्स कुठलंही उत्तर 'यादीत आहे' असंच समजतो. मग रिझॉल्व्हर कधी चुकून ८.८.८.८ वर गेला की २५४ वालं उत्तर येतं आणि जगातली प्रत्येक मेल ५५४ देऊन परत जाते.

क्रमही बघा: आधी आपलं नेटवर्क, मग लॉगिन केलेले वापरकर्ते, मग अनोळखी डोमेनला रिले नाकारणं, आणि त्यानंतर यादी. घरच्या ब्रॉडबँडचे आयपी पीबीएलमध्ये (झेनमधला, थेट मेल पाठवू नये अशा आयपींचा भाग) असतातच, त्यात त्या आयपीचा काही दोष नसतो. यादी लॉगिनच्या आधी आली तर घरून मेल पाठवणारा तुमचाच माणूस अडकतो.

ओटीपीचं: पोस्टग्रे काढून टाका. ते पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक पाठवणाऱ्याला ३०० सेकंद ताटकळत ठेवतं, आणि मोठे पाठवणारे पुढच्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आरस्पॅमडी फक्त ४ च्या वर गुण गेलेल्यांना थांबवतो, ते बरंच सुसह्य. तरीही उशीर झाला तर लोकल.डी मधल्या ॲक्शन्स फाइलमध्ये ग्रेलिस्टची (मेल थांबवण्याच्या कृतीची) किंमत नल करा. मूळ फाइल बदलू नका, पुढच्या अपग्रेडला घोळ होतो. बदल केल्यावर आरस्पॅमॲडमचं कॉन्फिगटेस्ट चालवा आणि मगच रीलोड करा.

देवनागरी_बाइट

मराठी मेलचं बोलतो. एक्स्टेंडेड स्पॅम हेडर चालू करा, म्हणजे प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये कुठल्या नियमाला किती गुण पडले ते दिसेल. जंकमधल्या पाच मेल उघडून बघा. बहुधा 'आर मिक्स्ड कॅरसेट' सापडेल, पुढे चौकोनी कंसात सब्जेक्ट लिहिलेलं.

हा नियम एकाच शब्दात दोन लिप्या मिसळल्यात का ते बघतो. रशियन 'а' घुसवून इंग्रजी बँकेचं नाव लिहिणाऱ्यांसाठी तो आहे. पण आपल्याकडे विषयात जीएसटी रोमनमध्ये लिहितात आणि त्यालाच चिकटवून देवनागरी 'चं'. पीडीएफ रोमन, 'मध्ये' देवनागरी, मधे जागा नाही. विषय चार-पाच शब्दांचा, त्यातले दोन असे, की मिसळीचं प्रमाण लगेच चढतं. पूर्ण वजन ५ आहे, प्रमाणानुसार त्यातला हिस्सा लागतो. त्यात पाठवणाऱ्याच्या डोमेनला डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) नसलं की ६ गाठायला वेळ लागत नाही.

वेब यूआयमधल्या सिम्बॉल्स टॅबमध्ये त्याचं वजन १ करा, शून्य नको. तो नियम फसवणुकीच्या मेलवर खरोखर चालतो. वेब यूआयचं ११३३४ हे पोर्ट मात्र इंटरनेटवर उघडू नका, एसएसएच टनेलमधून बघा.

चाळणीवाला

बेजचं (शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचं) कोणी बोललं नाही. २०० स्पॅम आणि २०० चांगल्या मेल शिकवल्याशिवाय बेज तोंडच उघडत नाही. आरस्पॅमसी स्टॅट चालवून दोन्ही आकडे बघा. शिकवणं डव्हकॉटच्या आयमॅपसीव्हवर (मेल फोल्डर बदलली की आपोआप चालणारे नियम) सोपवा: जंकमध्ये टाकली की स्पॅम, जंकमधून बाहेर काढली की चांगली. पण जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेली मेल वगळायची. ती अट विसरली की लोक जंक साफ करतात आणि सर्व्हर प्रत्येक स्पॅमला 'चांगली' म्हणून पाठ करतो. महिन्याभरात बेज उलटा चालायला लागतो आणि कारण कुणालाच सापडत नाही.

मिल्टरची डिफॉल्ट कृती ॲक्सेप्ट ठेवा, म्हणजे आरस्पॅमडी पडला तरी मेल थांबत नाही.

लॉगवाचक

इथे माझं मत वेगळं. ॲक्सेप्ट ठेवलं तर आरस्पॅमडी शुक्रवारी रात्री पडतो आणि सोमवारी सकाळी ६० इनबॉक्स भरलेले असतात, कुणाला पत्ता नाही. टेम्पफेल ('आत्ता नाही, नंतर या') ठेवलं तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्स असेल तर पाच दिवस. सेवेवर लक्ष ठेवणारं काही असेल तर टेम्पफेल, नसेल तर ॲक्सेप्ट.

ओसरीवरचा_सर्व्हर

अनबाउंड बसवला, डिगला २, ४, १० तिन्ही आले. पोस्टग्रे काढलं, ओटीपी लगेच येतोय. मिक्स्ड कॅरसेट तीन मेलमध्ये सापडला, वजन १ केलं. बेजला मात्र ३१ स्पॅम आणि ० चांगल्या! जुन्या जंक फोल्डरांत मिळून १४०० मेल आहेत, एकदम शिकवून टाकू का?

चाळणीवाला

एकदम नको. त्यात लोकांनी स्वतः नाव नोंदवलेली वार्तापत्रं, आणि आता कळलेल्या त्या मराठी मेलही असणार. विषयांवरून नजर फिरवा, गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या खात्रीच्या ३०० निवडा. तेवढ्याच चांगल्या मेल द्या, आणि त्या एकाच माणसाच्या नकोत: अकाउंट्स, खरेदी, एचआर असं मिसळून घ्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. ज्यांचं आउटलुक पीओपीवर (मेल स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवणारी पद्धत) आहे त्यांचं जंकमध्ये टाकणं सर्व्हरपर्यंत पोचतच नाही, त्यांना आधी आयमॅपवर (फोल्डर सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) आणा.