मदत हवी आहे : पुतणीच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला आहे

सर्वांना नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझी पुतणी बारावीनंतर अमरावतीला बी.एस्सी. प्रथम वर्षाला शिकत असून, तिने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्र शासनाच्या, पदवीसाठी वर्षाला १२,००० रुपये देणाऱ्या गुणवत्ता शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे. मंडळाच्या परीक्षेतील ८० पर्सेंटाइलची (म्हणजे ८० टक्के विद्यार्थ्यांपेक्षा जास्त गुण असण्याची) आणि कौटुंबिक उत्पन्नाची अशा दोन्ही अटी ती पूर्ण करते.

महाविद्यालयाने अर्ज पडताळून पुढे पाठवला, असे तेथील लिपिक सांगतात. पोर्टलवर मात्र तो अजूनही संस्थेच्याच स्तरावर प्रलंबित दिसतो. दर वेळी दारव्ह्याहून अमरावतीला जायचे, तर वेचणीच्या दिवसांत मजुरीचा एक दिवस बुडतो (आणि भाडे वेगळेच). अशा स्थितीत महाविद्यालयाकडे लेखी अर्ज द्यावा, की थेट पोर्टलवर तक्रार नोंदवावी?

दुसरे असे की, तिचे आधार दोन बँक खात्यांना जोडलेले आहे. रक्कम आधार-संलग्न खात्यातच येते, त्यामुळे थेट लाभासाठी (म्हणजे शासनाची रक्कम थेट खात्यात जमा होण्यासाठी) त्यांपैकी कोणते खाते सक्रिय आहे, हे घरबसल्या कसे तपासावे? स्वतः अनुभव घेतलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.