मुलांना ‘हात न हलवता बोल’ सांगणं थांबवा

खडूफळा:
तोंडी परीक्षेला मूल उभं राहिलं की आमच्याकडे पहिली सूचना: हात मागे, ताठ उभी राहा. मी चौथीला गणित शिकवते, मला हे अजिबात पटत नाही. फळ्यावर ४ + ३ + ६ = __ + ६ लिहा. बरीच मुलं रिकाम्या जागी १३ भरतात. पण ‘कसं केलंस?’ विचारलं की त्यातल्या एखाद्याचा हात आधी डाव्या बाजूखालून सरकतो, मग उजव्या. दोन्ही बाजू सारख्या हव्यात हे त्याच्या हाताला कळलंय, तोंडात अजून आलेलं नाही. अशा वेळी हात बांधायचे? शिकागो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अशाच उदाहरणांवर प्रयोग केला. हातवारे करत शिकलेल्यांच्या ते काही आठवड्यांनीही जास्त लक्षात राहिलं होतं.

सभाधीट:
वर्गात ठीक. मी वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण करतो. ‘आकाश’ म्हटलं की बोट वर, ‘हृदय’ म्हटलं की हात छातीवर. भाषण बाजूलाच राहतं. हातवारे ऐकणाऱ्यासाठी असतात, त्याला त्रास होत असेल तर आवरायलाच हवेत.

खडूफळा:
ते बसवलेले हातवारे, त्यांचा मलाही वैताग येतो. पण ‘ऐकणाऱ्यासाठी’ एवढंच नाही हो. जन्मांध मुलं समोरच्यालाही दिसत नाही हे माहीत असताना हातवारे करत बोलतात, हे १९९८ मध्येच नोंदवलं गेलंय. फोनवर बोलताना आपलेही हात चालूच असतात की!

अबोली_के:
ताई, पण सगळ्यांना एकच माप नको. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले आयमारा भाषक, विशेषतः जुनी माणसं, भूतकाळ सांगताना हात पुढे नेतात आणि भविष्यासाठी मागे. हातवारे ज्या त्या भाषेचे, ज्या त्या ठिकाणचे असतात. आणि काही मुलं मुळातच शांत बोलतात. उद्या ‘हातवारे करा’ असा फतवा निघाला तर त्यांचे हाल होतील.

खडूफळा:
फतवा नकोच. अडवू नका, इतकंच म्हणणं आहे.

पाटीपेन्सिल:
माझी मुलगी अबॅकसला जाते. तोंडी बेरजा करताना समोर पाटी नसली तरी तिची बोटं हवेत मणी सरकवतात. शाळेत मात्र ‘बोटं नाचवू नकोस’ म्हणून ओरडा बसतो.

सभाधीट:
तोंडी परीक्षेपुरतं मान्य करतो. स्पर्धेत बसवलेल्या हातांचे गुण मी कापणारच.